नजर शाबूत आहे, पण खोबणीचं काय? : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही डोळ्याला मार लागण्याबद्दल प्रश्न पाठवा असं म्हणलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की बऱ्याच जणांचा त्रास डोळ्याचा नाहीच, डोळा ज्या हाडांच्या खोबणीत बसलेला असतो त्या खोबणीचा आहे, फक्त तसं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. "नजर चांगली आहे, काही झालं नाही" एवढं ऐकून माणसं घरी गेलीत. म्हणून यावेळी सगळी उत्तरं खोबणीवरच देते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, खांदमळणीला बैल धुवायलो होतो, बैलानं मान झटकली अन शिंग उजव्या डोळ्याखाली बसलं. लई सुजलं होतं. आता तीन आठवडे झाले, सूज उतरली, नजर पण चांगली आहे म्हणून सांगितलं. पण गाल, वरचा ओठ अन वरचे दात बधिर आहेत, दाढी करताना कळत नाही. अन घरचे म्हणायलेत की डोळा आत गेलाय. हे आपोआप भरून येईल का? – एक शेतकरी, भोकरदन

उत्तर : दादा, तुम्ही जे तीन शब्द लिहिलेत ना, गाल, ओठ, दात, त्यावरूनच अंदाज येतो की खोबणीची फरशी, म्हणजे खालची भिंत तुटलेली असणार. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरच्या पुढच्या दातांना संवेदना देणारी एकच नस आहे आणि ती याच फरशीतून, हाडातल्या बोगद्यातून पुढे येऊन डोळ्याच्या खाली गालावर बाहेर पडते. फरशी तुटली की ती नस दबते. बधिरपणा बहुतेकांचा काही महिन्यांत हळूहळू कमी होतो, मधे मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं, ते नस जागी होत असल्याचं लक्षण आहे, घाबरू नका.

पण डोळा आत जाणं आपोआप भरत नाही. मोठ्या माणसाच्या खोबणीत सगळी मिळून साधारण ३० मिली जागा असते आणि डोळा स्वतः जेमतेम ७ मिलीचा. राहिलेल्या जागेत स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि या सगळ्यांना सांभाळणारी चरबी. खाली गालामागे, वरच्या जबड्याच्या हाडात हवेची मोठी पोकळी आहे, मॅक्सिलरी सायनस, आणि त्या पोकळीचं छत म्हणजेच डोळ्याची फरशी. ती बऱ्याच ठिकाणी अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची असते. मार लागला की ती फरशी खाली फुटते आणि चरबी सायनसमध्ये उतरते, म्हणजे खोबण मोठी झाली आणि आतला माल तेवढाच राहिला, मग डोळा मागे सरकतो. जागा १ मिली वाढली तर डोळा साधारण १ मिलिमीटरच्या आसपास आत जातो. २ मिलिमीटर गेला की घरच्यांच्या डोळ्यात भरतं. सुरुवातीच्या दिवसांत सुजेमुळे हे झाकलेलं राहतं, डोळा उलट पुढे आल्यासारखा दिसतो, आणि तेव्हाच तपासून "ठीक आहे" म्हणून पाठवलं की पुढचं कळत नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ आणि रेगन या डॉक्टरांनी मृतदेहाच्या मिटलेल्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडीने मारून बघितलं होतं, कडेचं जाड हाड शाबूत राहिलं आणि आतली फरशी खाली फुटली. तुमचं बाहेरचं हाड हाताला सलग लागत असलं तरी आतलं तुटलेलं असू शकतं ते यामुळे.

आता करायचं काय, तर डोळ्याच्या खोबणीचा सीटी स्कॅन करा, पातळ कापांचा, आणि समोरून घेतलेले काप पाहिजेतच कारण फरशी त्यातच नीट कळते, नुसता डोक्याचा स्कॅन चालत नाही. आधी केला असेल तर ती सीडी सोबत न्या. डोळा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त आत असेल, वर-खाली बघताना दोन दोन दिसत असेल किंवा फरशीचा अर्ध्याहून जास्त भाग तुटला असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. मोठ्या माणसांत ते शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत करतात. तुमचे तीन झालेत म्हणून दार बंद झालं असं अजिबात नाही, पण उशीर होईल तितकी चरबी आणि स्नायू सायनसच्या अस्तराला चिकटत जातात आणि सोडवायला जड जातं, तेव्हा सोयाबीन निघू द्या मग बघू असं करू नका.

ऑपरेशन कसं असतं ते पण सांगते, कारण "डोळा बाहेर काढून ठेवतात" असं काहीतरी ऐकून लोक येतच नाहीत. डोळा जागेवरच राहतो. खालच्या पापणीच्या आतल्या गुलाबी बाजूने छेद घ्यायचा, बाहेर व्रण दिसत नाही. कडेचं हाड लागलं की त्यावरचा चिवट पडदा उचलत उचलत मागे जायचं. तुटलेली जागा आली की पिवळी चरबी भोकातून खाली लोंबत असलेली दिसते. ती ओढायची नसते, दोन बोथट पट्ट्यांनी थोडी थोडी वर घ्यायची, एक वर घेतली की ती धरून ठेवायची आणि मग पुढची. भोकाच्या चारी बाजूंना शाबूत हाड दिसलं पाहिजे, आणि सगळ्यात अवघड असतं ते मागचं. तिथे खोलवर पॅलेटाइन नावाच्या हाडाचा छोटासा काठ उरलेला असतो, बसवायची टायटॅनियमची जाळी त्या काठावर टेकली तरच डोळा वर उचलला जातो. टेकली नाही तर जाळीचं मागचं टोक सायनसमध्ये झुकतं आणि सगळं करूनही डोळा आतच राहतो. शेवटी डोळ्याचा पांढरा भाग चिमट्यात हलकेच धरून डोळा वर-खाली फिरवून बघायचा, कुठं अडकत तर नाही ना, आणि मगच बाहेर पडायचं.

अजून एक. तोवर नाक जोरात शिंकरू नका. सायनसमधली हवा तुटलेल्या भिंतीतून डोळ्यामागे शिरते आणि पापणी एकदम फुगते, दाबलं की आत करकर वाजतं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका.

आणि हे सगळ्याच वाचकांसाठी, मार लागल्यावर पहिल्या काही तासांत डोळा दगडासारखा टणक होत चालला, पुढे यायला लागला, खूप ठणकतोय आणि दिसणं झपाट्यानं कमी होतंय असं झालं तर ते खोबणीत रक्त साठत असल्याचं लक्षण आहे. खोबण चारी बाजूंनी हाडाची आणि मागे निमुळती, रक्ताला जायला जागा नाही, मग दाब वाढतो आणि डोळ्याचा रक्तपुरवठाच बंद होतो. डोळ्याच्या आतला, ज्यानं आपल्याला दिसतं तो पडदा असा दीड-दोन तासांपेक्षा जास्त तग धरत नाही. त्यावेळी स्कॅनची वाट बघायची नसते, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात भूल देऊन कात्रीने छेद घ्यायचा आणि पापणीला हाडाशी बांधणारा तिथला बंध कापायचा, डोळ्याला पुढे यायला वाट मिळते, दाब उतरतो. काही मिनिटांचं काम आहे. माहूर-किनवटहून नांदेडला पोचायला दोन-तीन तास जातात, म्हणून मला मनापासून वाटतं की ग्रामीण रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीच्या प्रत्येक डॉक्टरला हे आलं पाहिजे, त्याला नेत्रतज्ज्ञच लागतो असं नाही. कोपऱ्याची जखम नंतर शिवता येते, गेलेली नजर परत आणता येत नाही.

प्रश्न : मॅडम, माझं लेकरू नऊ वर्षांचं. शाळेत कबड्डी खेळताना दुसऱ्या पोराचा गुडघा डोळ्यावर बसला. डोळा लाल नाही, सूज नाही, पण घरी आल्यापासून उलट्या सुरू, नुसतं पडून राहायलं. डोक्याला मार असेल म्हणून दवाखान्यात ठेवलं, डोक्याचा स्कॅन नॉर्मल आला. आठ दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरनी बघितलं तर डोळा वर जातच नव्हता, मग ऑपरेशन केलं. आता दोन महिने झाले, वर बघितलं की अजून दोन दोन दिसायलंय म्हणतो. आमचं काही चुकलं का? आणि हे जाईल का? – एक आई, जिंतूर

उत्तर : ताई, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही लेकराला लगेच नेलं होतं. हे दुखणंच फसवं आहे.

लहान लेकरांचं हाड लवचिक असतं, मोठ्यांसारखं फुटून तुकडे होत नाहीत, ते मारानं क्षणभर उघडतं आणि लगेच परत मिटतं, उंदराच्या पिंजऱ्याचं झाकण पडावं तसं. त्या क्षणात डोळा खाली फिरवणारा स्नायू किंवा त्याच्या भोवतालची चरबी फटीत सापडते आणि हाड तिला चावून धरतं. बाहेर रक्त नाही, सूज नाही, डोळा पांढराशुभ्र, म्हणून १९९८ साली काही डॉक्टरांनी याला नावच पांढऱ्या डोळ्याचं फ्रॅक्चर असं दिलं. लेकराला वर बघायला सांगितलं की दुसरा डोळा वर जातो आणि हा जागेवर थांबतो. ते दुखतं म्हणून लेकरू डोळे मिटून पडून राहतं, आणि आपल्याला वाटतं थकलंय.

उलट्या कशामुळे तर, डोळ्याचा स्नायू ताणला किंवा दबला की त्याचा निरोप चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेतून मेंदूकडे जातो आणि तिथून व्हेगस नावाच्या नसेने हृदयाकडे आणि पोटाकडे येतो. नाडी मंद होते, मळमळतं, उलट्या होतात, कधी चक्कर येऊन पडतं. १९०८ पासून हे डॉक्टरांना माहीत आहे, आश्नर आणि डाग्निनी या दोघांनी ते नोंदवलं होतं. ऑपरेशनमध्ये पण हे दिसतं, अडकलेला स्नायू सोडवताना भुलीचे डॉक्टर "नाडी उतरायली, थांबा" म्हणून आवाज देतात, हात तिथेच थांबवायचा, नाडी परत वर आली की मग पुढे. डोक्याच्या मारात पण उलट्याच होतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे जातं आणि डोक्याचा स्कॅन नॉर्मल आला की सगळे निवांत होतात. त्या स्कॅनमध्ये खोबणीची फरशी बघायची राहून जाते, आणि बघितली तरी फट इतकी बारीक असते की डोळ्यात तेल घालून शोधावी लागते.

स्नायू चिमटलेला राहिला की त्याचं रक्त तुटतं आणि तो भाग कडक होत जातो, म्हणून लेकरांत हे ऑपरेशन एक-दोन दिवसांत करायचं असतं, मोठ्यांसारखं दोन आठवडे थांबायचं नसतं. तुमच्या लेकराचं नवव्या दिवसाच्या आसपास झालं, तर थोडा कडकपणा राहिला असणार. पण दोन महिने हा काही फार काळ नाही. स्नायू सैल व्हायला कितीतरी महिने लागतात, लेकरांचे बरेचदा सुधारतात. दर महिन्या-दीड महिन्याला डोळा किती वर जातो याचं मोजमाप करून कागदावर ठेवायला सांगा, म्हणजे सुधारणा आहे का थांबली हे आकड्यात दिसेल. समोर आणि खाली, म्हणजे लिहिता-वाचताना, एकच दिसतंय का हे बघा. तिथे एकच दिसत असेल तर शाळेला अडचण नाही. सहा महिन्यांनी पण जागच्या जागी राहिलं तर तिरळेपणाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, तोवर गरज पडली तर प्रिझमचा चष्मा मिळतो.

शाळेतल्या सरांना आणि बाईंना एवढं सांगा, मार लागलेलं लेकरू उलट्या करत असेल तर त्याच्यासमोर बोट धरून वर बघायला लावा. हे बघायला कुठलंच साधन लागत नाही.

प्रश्न : मॅम, मी अंबाजोगाईला एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे. ऑर्बिटची, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची सात हाडं, त्यातल्या फटी (फिशर), भोकं (फोरामेन) सगळं पाठ करतोय पण दोन दिवसांत विसरतो. सर्जरीत खरंच हे लागतं का? – एक विद्यार्थी

उत्तर : लागतं बेटा, रोज लागतं, आणि तू पाठ करतोयस म्हणूनच विसरतोयस. कॉलेजच्या म्युझियममधली एक कवटी हातात घे आणि खिडकीपाशी उजेडाला धर. खोबणीच्या आतल्या भिंतीतून, नाकाच्या बाजूच्या, उजेड आरपार येताना दिसेल. ते एथमॉइड, जाडी ०.२ ते ०.४ मिलिमीटर. त्याच्या पलीकडे सायनस. नाकातून दुर्बिणीने सायनसचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला या पडद्याची धास्ती असते, कारण यंत्र जरा बाजूला गेलं की चरबी दिसते आणि त्याच्या पुढे डोळा आत फिरवणारा स्नायू. आता बाहेरची भिंत बघ, झायगोमॅटिक आणि स्फेनॉइडचा मोठा पंख, जाडजूड. पण तिची कड बाकीच्या कडांपेक्षा मागे आहे, त्यामुळे बाजूचं दिसतं जास्त आणि बाजूने आलेला मार डोळ्याला थेट बसतो. छत फ्रंटल हाडाचं, मागे थोडा स्फेनॉइडचा छोटा पंख, आणि त्याच्यावर मेंदू बसलेला. फरशीत मॅक्सिला, पुढे बाहेर झायगोमॅटिक, अगदी मागे पॅलेटाइन, ज्याच्याबद्दल वर भोकरदनच्या दादांना सांगितलं. नाकाजवळ अश्रूपिशवीच्या खळगीत लॅक्रिमल. झाली सात.

दोन्ही खोबणींच्या आतल्या भिंती एकमेकींना समांतर आणि बाहेरच्या भिंती तिरक्या जातात, आतली आणि बाहेरची यांच्यात ४५ अंशांचा कोन. खोली ४० ते ४५ मिलिमीटर. आतल्या भिंतीवरून मागे जाताना २४, १२, ६ लक्षात ठेव. अश्रूपिशवीच्या पुढच्या कंगोऱ्यापासून साधारण २४ मिलिमीटरवर पुढची एथमॉइडल धमनी, तिथून १२ वर मागची, आणि तिथून ६ वर दृष्टीची नस हाडात शिरते. प्रत्येकाचं माप थोडं कमीजास्त असतं आणि शेवटचं अंतर तर काहींमध्ये याहूनही कमी भरतं, म्हणून दुसरी धमनी दिसली की हात आवरायचा. दृष्टीच्या नसेची खोबणीतली लांबी साधारण २५ मिलिमीटर, पण डोळ्यापासून मागच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर त्याहून कमी आहे, त्यामुळे नस थोडी सैल, वळण घेतलेली असते आणि डोळा फिरताना ताणली जात नाही. आणि डोळा फिरवणारे बहुतेक स्नायू मागे एका कड्यातून निघतात, पण वरच्या तिरप्या स्नायूला जाणारी चौथी नस त्या कड्याच्या बाहेरून येते, म्हणून डोळ्यामागे कड्याच्या आत भूल दिली तरी वरचा तिरपा स्नायू डोळा थोडा फिरवत राहतो. ही एक गोष्ट तू ऑपरेशन थिएटरमध्ये डोळ्यांनी बघितलीस की ते कडं आणि त्याच्या आतबाहेरच्या नसा जन्मात विसरणार नाहीस.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या वडिलांना २०२१ ला कोरोनानंतर काळी बुरशी झाली. शुगर होती. डावा डोळा काढावा लागला. रोग नाकात होता तर डोळा का काढला हे आम्हाला आजही कळलेलं नाही. शेजारच्या गावातल्या एकाचा डोळा वाचला. आणि बाबांना नकली डोळा बसवायला गेलो तर बसत नाही म्हणाले. – एक मुलगी, औसा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला राग मला समजतो. त्या एप्रिल, मे, जूनमध्ये आपल्याकडच्या वॉर्डात जे चाललं होतं त्यात कुणाला शांतपणे बसवून समजावून सांगायला सवडच मिळाली नाही, आणि ते उत्तर तुम्हाला तेव्हाच मिळायला पाहिजे होतं. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला, इतके पेशंट होते.

ही बुरशी हवेत, मातीत, कुजणाऱ्या पाल्यात कायम असते, श्वासातून नाकात जाते आणि धडधाकट माणसाचं शरीर तिला तिथेच मारतं. वाढलेली साखर आणि त्यावर स्टेरॉइड, अशा शरीरात ती फोफावते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आत रक्त गोठतं, पुढचा भाग मरतो आणि काळा पडतो. नाकाच्या बाजूच्या सायनसमध्ये ती आली की डोळा किती लांब, तर वर विद्यार्थ्याला सांगितलं ती अर्धा मिलिमीटर पण नसलेली भिंत, एवढाच. त्या भिंतीत धमन्यांसाठी भोकं आहेतच. एकदा खोबणीत शिरली की मागे निमुळत्या टोकाकडे सरकते, तिथे फटीतून डोळा हलवणारी तिसरी, चौथी, सहावी नस आणि डोळ्याची शीर जाते, म्हणून पापणी पडते, डोळा हलायचा थांबतो, दिसणं जातं. आणि त्या टोकाच्या मागे लगेच मेंदूच्या तळातली मोठी शीर. डोळा काढायचा निर्णय त्या टोकापाशी होतो. खोबणीतलं सगळं मेलेलं आहे, दिसणं गेलेलं आहे आणि बुरशी मागे मेंदूकडे निघाली आहे असं दिसलं तर माणूस वाचवण्यासाठी खोबण रिकामी करायचा विचार होतो, तेव्हा सुद्धा प्रत्येक पेशंटचं बघूनच. शेजारच्या गावातल्या पेशंटचा रोग बहुतेक सायनसपाशी किंवा खोबणीच्या आतल्या कडेलाच असताना सापडला असेल. तशांना सायनस साफ करून, सलाइनमधून आणि काहींना डोळ्यामागे सुद्धा ॲम्फोटेरिसिन या बुरशी मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊन डोळा राखता आला.

नकली डोळा का बसत नाही ते यातूनच येतं. नेहमीचा नकली डोळा म्हणजे पातळ कवच असतं, ते पापण्यांच्या मागच्या ओल्या खाचेत अडकून राहतं. नुसता डोळा काढला आणि पापण्या, स्नायू ठेवले तर ते बसतं. बाबांची पूर्ण खोबण रिकामी केली असेल तर कवच धरून ठेवायला तिथे काहीच नाही. अशांसाठी पापणी, भुवई आणि डोळा असा सगळा भाग सिलिकॉनचा बनवतात, तो चष्म्याच्या फ्रेमला जोडतात किंवा कडेच्या हाडात छोटे स्क्रू बसवून लोहचुंबकानं लावतात. तो हलत नाही, पापणी लवत नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही, पण चार माणसांत लग्नाला, बाजाराला जायला धीर येतो. डेंटल कॉलेजमधल्या कृत्रिम अवयव बनवणाऱ्या विभागात विचारा, हे काम बरेचदा तेच करतात.

त्यापेक्षा महत्त्वाचं, उजव्या डोळ्याला पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा कायम लावा, नंबर नसला तरी. शेतात, गाडीवर, घरात पण. आणि साखर तपासत राहा. परत नाक चोंदलं, गाल दुखला, नाकातून काळपट आलं किंवा दात हलायला लागला तर सर्दी समजून घरी थांबू नका.

प्रश्न : मला थायरॉइड आहे, डोळे पुढे आलेत, लोक बघत राहतात. हाड कापून डोळे आत घेतात असं ऐकलं, खरंय का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : खरं आहे. या आजारात डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी फुगते आणि जागा पुरत नाही, म्हणून एक-दोन भिंती मुद्दाम पातळ करतात किंवा काढतात, फुगलेला भाग सायनसकडे सरकतो आणि डोळा मागे येतो. बैलाच्या शिंगानं जे वाईट झालं तेच इथे मोजून मापून केलं जातं. पण आजार थंड झाल्यावर, काही महिने मोजमाप एकसारखं राहिल्यावरच. रंग फिके दिसायला लागले किंवा नजर कमी झाली तर मात्र थांबायचं नाही, दृष्टीची नस दबत असते, लगेच दाखवा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बंद करायला लावा, या आजाराला धूर फार वाईट.

प्रश्न : आम्ही लातूर जिल्ह्यातले, डॉ. तात्याराव लहाने सरांच्या जिल्ह्यातले, तरी आमची माय मोतीबिंदूला तयार होईना. "डोळ्यात सुई घालतेत" म्हणती. – उदगीर

उत्तर : मायला सांगा सुई डोळ्यात घालत नाहीत. डोळ्याच्या बाहेरच्या-खालच्या बाजूला, हाडाची कड आणि डोळा यांच्या मधे जी जागा असते तिथे चरबीत औषध सोडतात, सुई जवळपास एक इंचाची असते. औषध पसरत जाऊन पाच-दहा मिनिटांत डोळा बधिर होतो आणि हलायचा थांबतो. पूर्वी सुई देताना वर आणि नाकाकडे बघायला सांगायचे. नंतर स्कॅनवर कळलं की तसं बघितल्यानं दृष्टीची नस ताणून सुईच्याच वाटेवर येते, म्हणून आता सरळ समोर बघायला सांगतात. मायनं तेवढं करायचं, सरळ बघायचं आणि डोकं हलवायचं नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी नुसत्या थेंबांवर पण ऑपरेशन होतं, पण पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूला किंवा हालचाल न थांबवणाऱ्या पेशंटला इंजेक्शनच बरं पडतं, ते डॉक्टरांवर सोडा.

तुम्ही दोन गोष्टी आधी सांगायच्या. मायला लहानपणापासून मोठा मायनस नंबर असेल तर डोळा लांब असतो आणि सुईसाठी जागा कमी राहते, ते डॉक्टरांना माहीत पाहिजे. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही, ती आपल्या मनानं बंद करू नका, विचारून ठरवा.

प्रश्न : तुराट्या गोळा करताना एक तुराटी वरच्या पापणीत घुसली, ओढून काढली, टाके घातले. आता तीन महिने झाले, जागा भरते अन परत फुटते, पू येतो. स्कॅनमध्ये काही नाही म्हणले. – गेवराई

उत्तर : आत तुकडा आहे असं धरून चाला. लाकूड सुरुवातीच्या दिवसांत सीटी स्कॅनवर काळं दिसतं, हवेसारखं, आणि मार लागलेल्या खोबणीत हवा असतेच, त्यामुळे ते हवा समजून सोडून दिलं जातं. तुराटी वाळलेली, ठिसूळ, ओढताना टोक मोडून आत राहणं सहज शक्य आहे, आणि लाकडात जंतू आणि बुरशी दोन्ही असतात, त्यामुळे वरून कितीही अँटिबायोटिक दिलं तरी तेवढ्यापुरतं थांबतं आणि परत वाहतं. तुमचं हे भरतं-फुटतं चालू आहे तेच याचं लक्षण. असं लाकूड एमआरआयमध्ये जास्त नीट शोधता येतं. फक्त खुरप्याचा, पत्र्याचा किंवा वेल्डिंगचा लोखंडी कण कधी डोळ्यात गेला होता का हे एमआरआयच्या आधी सांगायचंच, लोखंड असेल तर त्या मशीनमध्ये ते आतच हलतं.

वरच्या पापणीची जखम मी कधीच छोटी समजत नाही. खोबणीचं छत पातळ आहे आणि टोकदार काठी वरच्या दिशेने गेली तर छत भेदून मेंदूपर्यंत जाते, बाहेर मात्र अर्ध्या बोटाची चीर. तुम्हाला ताप, मान आखडणं, सतत डोकं दुखणं, नाकातून पाण्यासारखं गळणं यातलं काही असेल तर आजच्या आज निघा. नसेल तरी या आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात जा, पहिल्या दिवसाच्या स्कॅनची सीडी, टाके घातलेला कागद आणि शक्य असेल तर त्याच ढिगातली एक तुराटी सोबत न्या, स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरांना जाडी आणि आकार कळायला तिचा उपयोग होतो. आणि पुढच्या वेळी कुणाच्याही डोळ्याजवळ काही घुसलं तर ते ओढू नका, बाहेरचा भाग हलणार नाही असा आधार द्या, वरून कागदी कप पालथा ठेवून चिकटवा आणि तसंच दवाखान्यात न्या.